बाबांच्या ट्रंकेतलं पितळी टोकन – तांब्याच्या खाणीजवळ राहिलेलं कोणी आहे का इथे?

मधली_सुट्टी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमची गिरगावातली चाळ अखेर पुनर्विकासाला गेली. गेल्या महिन्यात खोली रिकामी करताना माळ्यावरून बाबांची पत्र्याची ट्रंक काढली. आत लॉगटेबलचं पुस्तक, तांबड्या-निळ्या पेन्सिलींचे तुकडे, घाटशिला स्टेशनची पुठ्ठ्याची दोन तिकिटं आणि सुती फडक्यात बांधलेला एक पितळी बिल्ला. जुन्या रुपयापेक्षा थोडा मोठा, वर भोक, मध्ये २१७ हा आकडा ठोकलेला. बस, बाकी काही नाही.

बाबा १९६३ ते १९७४ सिंहभूमच्या तांबेपट्ट्यात (तेव्हाचा बिहार, आताचा झारखंड) घाटशिलेजवळच्या एका खाणीत सर्व्हेयर होते. माझा जन्म १९६८ चा, म्हणजे मुंबईत आलो तेव्हा मी सहा वर्षांचा. आठवतं ते इतकंच: लाल माती, डोक्यावरून तारेला लटकत जाणाऱ्या लोखंडी बादल्या, आणि दाराबाहेर उलटे करून ठेवलेले बाबांचे ओले गमबूट. बाबांना विचारलं की म्हणायचे, "काय सांगायचं, अंधार होता." विषय संपला.

बाबा २००९ साली गेले. माणूस अबोल आणि भयंकर शिस्तीचा. आमच्या चाळीच्या दाराशी त्यांनी पाच खिळे ठोकले होते, घरातल्या प्रत्येकाच्या किल्लीला एक. एक खिळा रिकामा असला की हे आडवे होणार नाहीत. कॉलेजात असताना शेवटचा खेळ बघून एक वाजता आलो की गॅलरीत बिडी पेटलेली दिसायची. मित्रांमध्ये माझी जाम चेष्टा व्हायची.

तर, हे टोकन कशाचं? आणि तिथलं रोजचं जगणं कसं होतं? आई ८४ वर्षांची, नाशिकला बहिणीकडे असते. फोनवर ऐकू येत नाही तिला.

फुकट_सल्ला
पहिला!
टोकन बहुधा रेशनच्या रांगेचं. तुमचा नंबर अजून आला नाही एवढंच.

गवती_चहा
छान धागा. वाचनखूण साठवली. फोटो टाका ना.

बत्तीवाला
हे हजेरीचं टोकन. मी चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणीत २९ वर्षं काढली. आमच्याकडे प्रत्येकाच्या नंबरचा बिल्ला असायचा. उतरायच्या आधी बत्तीघरात जायचं, बिल्ला द्यायचा, त्याच नंबरची टोपीवरची बत्ती घ्यायची. वर आल्यावर बत्ती परत, बिल्ला खिशात. बत्तीघरात बिल्ला पडून आहे म्हणजे माणूस खाली आहे. त्यामुळे तुमच्या वडिलांच्या ट्रंकेत तो सापडणं अगदी स्वाभाविक आहे, तो घरीच राहतो.

धातूच्या खाणीत मिथेनची भीती कोळशाइतकी नसते, पण दगड कठीण आणि सुरुंग रोजचे. त्यामुळे कोण वर, कोण खाली याचा हिशेब तिथेही तितकाच कडक.

चाळकरी
घाटशिला म्हणजे आपल्याच हावडा–नागपूर–मुंबई लाईनवरचं स्टेशन की. टाटानगरच्या पुढे, खरगपूरच्या अलीकडे. तुमचे वडील बहुतेक व्ही.टी.हून हावडा मेल पकडून टाटानगरला उतरत असणार आणि पुढे पॅसेंजरने. तिकिटांवर तारीख आहे का?

मधली_सुट्टी
@चाळकरी, तारीख पुसलीय. पण टाटानगरला उतरायचो हे नक्की. फलाटावर मातीच्या कुल्हडातला चहा, आणि आई मला तो फोडू द्यायची नाही, कुंडीला होईल म्हणून जपून आणायची.

@फुकट_सल्ला, नंबर लवकर यावा अशी इच्छा नाही.

मठारकाम
धागा बघून राहवलं नाही. आमचं घराणं तांबटाचं. आजोबांचं दुकान काळबादेवीच्या आतल्या गल्लीत होतं, आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात. पायधुणीजवळच्या तांबाकाट्यावरून रोज हजारो लोक जातात, पण त्या नावातला काटा म्हणजे तांबं तोलायचा वजनकाटा हे कोणाला माहीत नसतं. मला लहानपणी वाटायचं की तिथे बाभळीसारखं काहीतरी तांबड्या काट्यांचं झाड असणार.

आजोबा पत्रा कापून, तापवून, ठोकून घंगाळं, बंब, हंडे करायचे. शेवटी मठार मारायचे, म्हणजे गोल तोंडाच्या हातोडीने शेजारी शेजारी ठोके. लोकांना ती नक्षी वाटते. खरं कारण म्हणजे ठोक्यांनी पत्रा कडक होतो, भांड्याला पोचे पडत नाहीत. एक ठोका दुसऱ्यावर पडला की आजोबा मान वर न करता म्हणायचे, "झोपलास का?" कान कामातून गेले होते त्यांचे, पण चुकलेला ठोका ऐकू यायचा.

आता प्रश्न. हे तांबं तुमच्या सिंहभूमहून यायचं का?

निरुपद्रवी_किडा
@मठारकाम, तांबाकाट्याच्या जुन्या काळापुरतं उत्तर 'नाही' असं आहे. मुंबईचं तांबं दर्यामार्गे यायचं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ईस्ट इंडिया कंपनी विलायतेहून तांबं भरभरून हिंदुस्थानात आणत होती. पुढे वेल्समधलं स्वान्झी हे शहर तांबं गाळण्यासाठी इतकं नावाजलं की त्याला 'तांबेनगरी' अशा अर्थाचं टोपणनाव पडलं. त्याआधी डच लोक जपानी तांबं आणून विकायचे.

सिंहभूमचा इतिहास मात्र याहून जुना. तिथे प्राचीन खाणींचे खड्डे आणि धातू गाळून उरलेल्या मळीचे ढीग आहेत, एकोणिसाव्या शतकात आलेल्या ब्रिटिश भूशास्त्रज्ञांनी ते पाहून नोंदवून ठेवलेत. मग मध्ये मोठा खंड. आधुनिक काळात आधी केप कॉपर नावाच्या कंपनीने राखा इथे हात घातला, आणि १९२४ साली इंडियन कॉपर कॉर्पोरेशन ही ब्रिटिश कंपनी निघाली. मुसाबनीला खाण, सुवर्णरेखेच्या पलीकडे मऊभांडारला भट्टी, दोन्हींमध्ये रज्जुमार्ग. धागाकर्त्याला आठवणाऱ्या बादल्या त्याच. १९७२ साली राष्ट्रीयीकरण होऊन सगळं हिंदुस्थान कॉपरकडे गेलं. म्हणजे तुमच्या बाबांनी साहेबाचा आणि सरकारचा, दोन्ही अंमल बघितले.

घागर_उताणी
एक बावळट प्रश्न: खाणीतून तांबं निघतं म्हणजे तांब्याचे गोळे निघतात का?

निरुपद्रवी_किडा
बावळट नाही. निघतो तो दगड. त्यात सोनेरी चमकणारं चाल्कोपायराइट असतं: तांबं, लोखंड आणि गंधक. आपल्याकडच्या दगडात तांबं साधारण १ टक्का. म्हणजे एक टन दगड फोडून वर आणला, मैद्यासारखा दळला, पाण्यात तेलबिल घालून फेस काढला (तांब्याचे कण फेसाला चिकटून वर येतात, दगड खाली बसतो), तो फेस सुकवून भट्टीत घातला, की हाती येणार जेमतेम दहा किलो.

घागर_उताणी
म्हणजे आमच्या सासूबाईंच्या चार घंगाळांत दीड टन डोंगर आहे! उगाच नाही माळा खचला.

उंटावरचा_शहाणा
मी खेत्रीनगरचा. राजस्थान, झुंझुनू जिल्हा. बाबा स्मेल्टरमध्ये (तांबं गाळायच्या भट्टीवर) होते, मी तिथल्या शाळेत दहावीपर्यंत. आता ठाण्यात.

तांब्याची खाण म्हणजे फक्त अंधार असं वाटत असेल तर आमची वसाहत बघायला हवी होती. अरवलीच्या उघड्याबोडक्या टेकड्या आणि मध्येच आखीव रस्ते, बाग, क्लब, सिनेमा. सगळा देश एका कॉलनीत. आमच्या लाईनीत एक मल्याळी, एक बंगाली, दोन बिहारी आणि आम्ही कराडचे. दहा दिवसांचा गणपती बसायचा, आरतीला सगळ्यात खड्या आवाजात मल्याळी काका, शब्द एकही बरोबर नाही. 'संकष्टी पावावे'वर हमखास पिकायचं.

सगळं भोंग्यावर. सहा, दोन आणि दहाचा भोंगा. आई कुकर भोंग्यावर लावायची. रविवारी भोंगा उशिरा ऐकू आल्यासारखा वाटायचा, तो भास असणार. वारा फिरला की गंधकाचा वास. गंधक असलेलं खनिज भाजलं की तो यायचाच, त्याच वायूचं गंधकाम्ल करायचे आणि आम्लातून खत. उन्हाळ्यात रात्री अंगणात खाटा टाकून झोपायचो, डिसेंबरात अंगणातलं पाणी हाताला चावायचं.

२००८ मध्ये स्मेल्टर बंद झाला. खाण अजून चालते. मी २०१६ ला मुलांना घेऊन गेलो होतो. आमच्या क्वार्टरच्या दारातून पिंपळ उगवला होता.

जाता जाता, मुंबई-खेत्री संबंध हवा असेल तर विवेकानंद. खेत्रीचे राजे अजितसिंह त्यांचे शिष्य. १८९३ च्या ३१ मे रोजी स्वामीजी शिकागोला निघाले ते मुंबईच्याच बंदरातून, आणि राजांनी आपला मुन्शी जगमोहनलाल यांना तयारीसाठी मुंबईपर्यंत सोबत पाठवलं होतं.

फुकट_सल्ला
उंटावरचा शहाणा खरोखर उंटावरचा निघाला. पहिल्यांदाच आयडी आणि माणूस जुळले.

छोटी_लाईन
आम्ही गोंदियाकडचे, त्यामुळे मलाजखंडबद्दल चार ओळी. बालाघाट जिल्हा, मध्य प्रदेश. मामा तिथे डंपर चालवायचे. ती खाण बोगद्याची नव्हती, उघडी. १९८२ पासून डोंगर पायऱ्या पायऱ्यांनी कापत खाली नेला. मोठ्ठं वाडगं. वरून बघितलं की तळातले डंपर काडेपेटीएवढे. मामा म्हणायचे, "डोंगर चढायला आलो होतो, आता विहिरीत उतरतोय." (आता तिथेही जमिनीखालून खाणकाम सुरू झालंय.)

सुरुंगाच्या वेळी सायरन व्हायचा आणि मामी मांडणीवरचे कप आत सरकवायची. वर्षानुवर्षं रोज. आता मामा गोंदियात राहतात, मामी तरीही दुपारी कप आत सरकवते.

गोंदियाहून बालाघाटला तेव्हा छोटी लाईन होती. माझा आयडी तिच्यावरून. उतरून लघुशंका करून परत चढता यायचं.

भोंगा
उंटावरच्या शहाण्यांचा भोंगा वाचून लिहितो. मी लालबागचा, वडील गिरणीत. आमचंही सगळं भोंग्यावर. फरक एवढाच की आमच्याकडे एका वेळी दहा गिरण्यांचे भोंगे, आणि ज्याच्या-त्याच्या घराला आपला भोंगा कोणता ते आवाजावरून कळायचं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. आजी म्हणायची, कानात बोळे घातल्यागत वाटतंय.

गिरणी गेली तेव्हा जागा तरी सोन्याची होती, टॉवर झाले. (आम्हाला नाही मिळाले, ते सोडा.) खाण बंद झाली की काय होतं?

निवडुंग
सगळं गोड गोड चाललंय म्हणून दोन कडू शब्द.

या धाग्यावर आतापर्यंत सर्व्हेयरचा मुलगा, स्मेल्टरवाल्याचा मुलगा, डंपरवाल्याचा भाचा. सगळी बाहेरून गेलेली, पगारी, क्वार्टरवाली माणसं. क्लब, गणपती, बाग. पण ड्रिल कोण धरत होतं? तो पट्टा संथाळ, हो, भूमिज लोकांचा. जमीन त्यांची, जंगल त्यांचं, आणि खाणीत सगळ्यात खालचं काम पण त्यांचंच. व्हरांड्यातून दिसणाऱ्या खाणीला 'रोजचं जगणं' म्हणत असाल तर म्हणा. ड्रिल धरणाऱ्याचं पोर या धाग्यावर येणार नाही, कारण त्याला मराठी येत नाही आणि तुम्हाला संथाळी.

चाळकरी
@निवडुंग, आयडी सार्थ केलात. पण धागाकर्त्याने स्वतःच्या वडिलांबद्दल विचारलं. त्याने दुसऱ्याच्या वडिलांबद्दल का लिहावं?

निवडुंग
कारण शीर्षकात 'तांब्याच्या खाणीजवळ राहिलेलं कोणी' असं आहे, 'क्वार्टरमध्ये राहिलेलं कोणी' असं नाही.

उंटावरचा_शहाणा
तीन पाळ्यांत काम करणारा माणूस भट्टीसमोर उभा राहतो, व्हरांड्यात नाही. बाबांच्या हातावर डाग होते. असो.

कडू_काढा
भांडण थोडं बाजूला. मी छातीचा डॉक्टर, परळच्या बाजूला प्रॅक्टिस. निवडुंग यांच्या मुद्द्यात एक वैद्यकीय तथ्य आहे. तांब्याचं खनिज बहुतेक वेळा गारगोटीच्या दगडात असतं. कोरडं ड्रिलिंग केलं की सिलिकाची धूळ उडते. डोळ्याला दिसते ती धूळ नाकात-घशात अडकते, जी दिसतच नाही ती फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते आणि तिथे व्रण करते. हा सिलिकोसिस. बरा होत नाही, आणि त्यावर क्षयही सहज चढतो, त्यामुळे पुष्कळदा क्षय म्हणूनच औषधं चालू राहतात. पाणी सोडत भोक पाडायचं, हवा खेळती ठेवायची, हाच उपाय. क्वार्टर कुठलंही असो, फुप्फुसं कोणाची जास्त जातात हे तो माणूस ड्रिलपासून किती फुटांवर उभा असतो त्यावर ठरतं. गिरणीतल्या कापसाच्या धुळीचं हेच. खात्यानुसार खोकला.

सुवर्णरेखा
जोहार. मी इथे रेसिपी वाचायला येते, लिहीत नाही. माझं मराठी चुकलं तर माफ करा, नवरा साताऱ्याचा आहे, त्याला विचारून लिहिते आहे.

निवडुंगजी, मी संथाळ आहे. माझे वडील ड्रिलवर होते. मी मुंबईत नर्स आहे २२ वर्षं. तर ड्रिलवाल्याची मुलगी आली धाग्यावर.

आमचं घर क्वार्टर नव्हतं, गावात होतं, मातीचं. वडील सायकलने जायचे, चार मैल. रात्रपाळीहून सकाळी येत तेव्हा पापण्यापण राखाडी. आई त्यांना उंबरा ओलांडू द्यायची नाही. बाहेर पाणी तापवलेलं असायचं, आंघोळ, मग मुढी आणि चहा. मुढी म्हणजे तुमचे कुरमुरे, पण मोठे. मग झोप. आम्ही पोरांनी दिवसा मोठ्याने बोलायचं नाही. म्हणून आमच्या घरातली सगळी माणसं अजून हळू बोलतात, सासूबाई म्हणतात ही सून काय पुटपुटते.

पगाराच्या दिवशी बाजार भरायचा. आई खाणीच्या फाटकाबाहेर जाऊन उभी राहायची, ती एकटी नाही, सगळ्याच बायका. पगार हंडियाच्या मडक्याकडे जायच्या आधी बायकोच्या हातात यायला पाहिजे ना. (हंडिया म्हणजे भाताची दारू. सणाला आम्ही पण पितो, त्यात लाज नाही.) वडील द्यायचे पैसे. शेजारचे काका द्यायचे नाहीत, काकू भांडायची, अर्धा बाजार ऐकायचा.

सोहराय सणाला भिंती सारवून चित्रं काढायची. मकर संक्रांतीला टुसूचा सण. नदीच्या वाळूत काही बायका पाटीने सोनं चाळायच्या, खरं सोनं, मोहरीपेक्षा बारीक. दिवसभर वाकायचं. म्हणून नदीचं नाव सुवर्णरेखा.

बादल्यांचा रोपवे आमच्या शेतावरून नाही पण जवळून जायचा. पोरं मोजायची. कोणी म्हणे पन्नास मोजल्या तर मनातलं होतं. मी कधी पन्नासपर्यंत पोचले नाही, आई हाक मारायची.

वडिलांना खोकला होता. डॉक्टरांनी लिहिलं ते मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला वर्गात ऐकलं, आणि वर्गातून बाहेर गेले.

पण वडिलांना खाण आवडायची. हे पण लिहायला पाहिजे. म्हणायचे खाली उन्हाळा-पावसाळा नसतो. मुसाबनीच्या खाणी बंद झाल्या तेव्हा ते घरी बसून दारातल्या दगडावर बोटं वाजवायचे. भोंगा यांनी विचारलं बंद झाल्यावर काय होतं. एक भाऊ आदित्यपूरला कारखान्यात गेला, एक केरळला, मी मुंबईला. दुकानं बंद झाली, मग बस कमी झाली.

गवती_चहा
_/\_ शब्द नाहीत. वेगळा धागा काढा ना तुम्ही. रेसिपीचापण.

निवडुंग
@सुवर्णरेखा, माझं ते वाक्य मागे घेतो. बाकीचं नाही घेत. पण ते वाक्य घेतो.

भोंगा
दगडावर बोटं वाजवायचे... आमचे वडील पाटावर. संपानंतर. सुताचा धागा सांधायची चिमूट तशीच.

घागर_उताणी
खाणीत बायका नव्हत्याच का?

बत्तीवाला
जमिनीवर होत्या, दगड निवडायला वगैरे. खाली उतरायला कायद्याने बंदी. १९५२ च्या खाण कायद्यातही ती होती. २०१९ मध्ये सरकारने काही अटींवर मोकळीक दिली. त्याआधी साहेबाच्या काळात कोळशाच्या खाणीत जोडप्याने उतरायचे, नवरा तोडणार, बायको टोपली भरणार.

मठारकाम
माझा प्रश्न अर्धाच सुटला. स्वान्झीचं तांबं आजोबांच्या आजोबांपर्यंत. नंतरचं?

सळईवाला
त्याचं उत्तर माझ्याकडे आहे. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत हिंदुस्थान कॉपरचाच तांब्याच्या सळ्यांचा कारखाना ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आला. मी काही वर्षं तिथे माल पोचवायचो. घाटशिला आणि खेत्रीहून शुद्ध तांब्याच्या लाद्या यायच्या, इथे वितळवून अखंड सळी ओढायची, ती वेटोळी घालून तारवाल्यांकडे. भांड्यांसाठी नव्हे, विजेसाठी. पंख्याच्या आतली तार, इमारतीचं वायरिंग, सगळं तांबंच. लोकलच्या डोक्यावरची तारही. तेव्हा @मधली_सुट्टी, तुम्ही चर्नी रोडला गाडीची वाट बघत वर बघाल तेव्हा... कोणत्या खाणीचं ते नाही सांगता येणार, पण आहे तांबंच.

फुकट_सल्ला
आणि ती तार चोरणारे कुर्ल्याला विकायला नेतात, तिथून वितळून पुन्हा मठारकाम यांच्याकडे. वर्तुळ पूर्ण. (कृपया हलके घ्या.)

मठारकाम
आमच्याकडे कल्हई करायला या, नवसागराच्या धुरात उभे करतो.

मधली_सुट्टी
मंडळी, आठ दिवस गायब होतो. नाशिकला गेलो होतो. येताना लिहायचं ठरवलं पण कसाऱ्यापर्यंत हात उचलला नाही.

आईच्या हातात टोकन दिलं. तिने चष्मा न लावता अंगठ्याने आकडा चाचपला आणि म्हणाली, "दोनशे सतरा. हे कुठे होतं?"

@बत्तीवाला, तुमच्याकडची पद्धत वेगळी होती. आई सांगते त्याप्रमाणे तिथे उतरायच्या जागेपाशी फळा होता, त्याला आकडे. वरती टोकनं टांगलेली. उतरताना आपलं काढून खिशात घालायचं, वर आलं की पुन्हा टांगायचं. रिकामा आकडा म्हणजे माणूस खाली. म्हणजे हे टोकन घरी असायलाच नको होतं.

१९६९ चा पावसाळा. मी वर्षाचा. मला तापात आकडी आली. बाबा दुसऱ्या पाळीला होते, रात्री वर आले तर खाणीच्या तोंडावरच कोणीतरी निरोप दिला. ते तसेच सायकलवर बसले. गमबूट, टोपी, सगळं अंगावर. कंपाउंडर येऊन गेला, ताप उतरला, बाबा माझ्या झोळीची दोरी धरून बसल्या बसल्या झोपले.

रात्री एकच्या सुमारास दार वाजलं. आईने उघडलं तर हजेरीबाबू, भिजलेला, हातात विजेरी. त्याने दारातूनच आत बघितलं. बाबा दिसले. तो काही बोलला नाही, पायरीवर बसला आणि आईकडे पाणी मागितलं. आई म्हणते, "इतकं पाणी पिणारा माणूस मी पाहिला नाही."

फळ्यावर एकच आकडा रिकामा होता. सर्व्हेबाबू कुठल्या कोपऱ्यात मोजमाप करायला गेला असेल कोण जाणे, म्हणून तीन माणसं पुन्हा खाली उतरली होती. सुरुंग थांबवले होते. हाका मारत दोन मजले धुंडाळून झाले, तेव्हा कोणाच्या तरी डोक्यात आलं की घरी बघून यावं.

बाबा उठले, खिशावर हात ठेवला आणि आईच्या शब्दांत "पांढरे झाले". सायकल काढून परत गेले. ते तिघं वर येईपर्यंत पावसात तिथेच उभे होते. पहिला वर आला तो ड्रिलवरचा. बाबांना वाटलं शिव्या देईल, देता तर बरं झालं असतं. त्याने काही न बोलता बाबांच्या खिशातून टोकन काढलं आणि स्वतः जाऊन आकड्याला अडकवलं.

हे बाबांनी आईला एकदाच सांगितलं. मला कधीच नाही, कदाचित तापलेलं पोर मी होतो म्हणून.

१९७४ ला सोडून निघालो तेव्हा स्टेशनवर हजेरीबाबू आला होता. त्यानेच हे बाबांच्या हातात ठेवलं. त्याचं वाक्य आईला हिंदीतच आठवतं: "ले जाइए सर्वेबाबू, खूँटी भी उखाड़ दिए हैं, अब कोई ढूँढ़ने नहीं उतरेगा."

गवती_चहा
पाच खिळे.

चाळकरी
हो. मीही वर जाऊन मूळ धागा पुन्हा वाचला.

बत्तीवाला
चूक मान्य. टोकन घरी असणं स्वाभाविक नव्हतं. आणि सुरुंग थांबवून तीन माणसं परत उतरवली हे त्या रात्रीच्या माणसांनी अगदी बरोबर केलं. आमच्याकडे एकदा 'असेल घरी' म्हणून सोडून दिलं होतं. तो घरी नव्हता. जास्त लिहीत नाही.

निवडुंग
ते तिघं कोण होते, आईंना आठवतं का?

मधली_सुट्टी
दोघांची नावं आठवतात. परवानगीशिवाय इथे लिहीत नाही. सुवर्णरेखाताई, तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवलाय, तुमच्या गावाकडचं आडनाव वाटतंय. माहीत असेल तर कळवा, नसेल तरी कळवा.

सुवर्णरेखा
वाचला. आमचे नातलग नाहीत. पण एक आडनाव नदीच्या अलीकडच्या गावात आहे. भावाला फोन करते, तो आता रात्रपाळीला आहे, सकाळी करते.

मठारकाम
टोकन घासू नका, पीतांबरी तर मुळीच लावू नका. चिंचसुद्धा नको. पितळेवर जो काळपट थर आलाय तो तसाच राहू दे. सुक्या फडक्याने पुसायचं, बस.

घागर_उताणी
आणि खिळे? चाळीचं दार कुठे गेलं?

मधली_सुट्टी
दारं भंगारवाल्याने नेली. खिळे दारावर नव्हते, शेजारच्या भिंतीत होते. भिंत गेल्या सोमवारी पडली. टोकनचा फोटो चढवलाय.

गवती_चहा
फोटो दिसत नाहीये. फक्त चौकोन दिसतोय. पुन्हा चढवा.